दोनपैकी पान एक

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

सकाळी १४६/९२. संध्याकाळी १५८/९६.

इथल्या, सिंगापूरच्या, पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी रोजचा रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही. आकड्यापुढे त्या दिवशी काही विशेष घडलं असेल तर तेही लिहा म्हणाल्या. बाई तमिळ, मी लिहिणार मराठीत, तेव्हा मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

आज विशेष घडलं. सौमित्रचा नेहमीचा रविवारचा व्हिडिओ कॉल आला. आमचा एकुलता एक, वय अठ्ठावीस, आयरिश सैन्यात इंजिनिअर अधिकारी. उल्का त्याला भोपळ्याचे घारगे दाखवून जळवत होती, तेवढ्यात तो म्हणाला, “आई, एक सांगायचंय. नोव्हेंबरपासून सहा महिने मी लेबनॉनला आहे. युनोच्या मिशनवर.”

उल्काच्या हातातला घारगा हातातच राहिला. मी विचारलं, काम काय? “रस्ते क्लिअर करायचे, बाबा. गाड्या जायच्या आधी आमची टीम पायी पुढे जाते. कुठे काही पुरलंय का, न फुटलेलं पडलंय का, ते बघायचं. मग मागून पाण्याचे टँकर, अँब्युलन्स.” दूध आणायला निघाल्यासारखं सांगितलं त्याने.

फोन झाल्यावर मी उल्काला समजावलं. आयर्लंड तटस्थ देश आहे. नाटोत नाही, कुणाशी वैर नाही, दोन्ही बाजूंचे लोक त्यांना पाणी विचारतात. तटस्थ देशाचं सैन्य ते काय, आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत याहून जास्त लढाया होतात. मागे युरोपीय संघातर्फे सायप्रसला युक्रेनी सैनिकांना सुरुंग काढायला शिकवायला गेला होता, तर सहा आठवड्यांनी उन्हाने काळा होऊन परत आला, एवढंच. उल्का म्हणाली, “सुरुंगाला कळतं का हो, कोण तटस्थ आहे ते?” हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

बुधवार, १० सप्टेंबर

१४४/९०.

लिफ्टमध्ये जुन वेई भेटला. खालच्या मजल्यावरच्या टॅन मंडळींचा मुलगा, सौमित्रचा पहिलीपासूनचा वर्गमित्र. पाठीवर हिरवी पिशवी, हातात चिखलाचे बूट. “रिझर्व्हिस्ट लाह, अंकल,” म्हणाला आणि हसला. सिंगापुरात प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात आणि पुढेही चाळिशीपर्यंत अधूनमधून बोलावणं येतं. नागरिकांच्या मुलांना तर येतंच, आपल्यासारख्या पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेतलेल्यांच्या मुलांनाही येतं.

ही मेख मी वेळेवर ओळखली होती. २००९ मध्ये पीआरचा अर्ज केला तेव्हा सौमित्र बारा वर्षांचा होता. मी अर्जात माझं आणि उल्काचं नाव घातलं, त्याचं गाळलं. तो स्टुडंट पासवर राहिला. आम्हाला बुकित बातोकचा हा फ्लॅट मिळाला, माझी नोकरी पक्की झाली आणि पोरगा मोकळा. पुढे ओळखीतल्या चार कुटुंबांनी मला विचारून हेच केलं. पद्माकर तर अजून भेटला की म्हणतो, निशिकांत, तुझ्यामुळे आमच्या रोहनची दोन वर्षं वाचली.

अठराव्या वर्षी सौमित्रचे सगळे मित्र डोकी भादरून गेले आणि हा कॉर्कला इंजिनिअरिंगला गेला. आयर्लंड मीच सुचवलं होतं. शांत, पावसाळी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिथे शिकला, चांगल्या कंपनीत पूल बांधत होता, आणि तीन वर्षांपूर्वी एक दिवस नोकरी सोडून सैन्यात. का गेला ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, “असंच, बाबा.”

शुक्रवार, १९ सप्टेंबर

१५०/९४.

मी जहाजांच्या युद्धविम्यातला माणूस. कुठल्या समुद्रात किती जोखीम, हे ठरवत तीस वर्षं गेली. तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात भिंतभर नकाशा आहे आणि त्यावर लेबनॉनचा किनारा लाल आहे. तो लालच ठेवावा अशा कागदावर दर तिमाहीला माझी सही असते. आज पुन्हा केली.

दुपारी ऋचाला एक दावा समजावून दिला. ही नागपूरची पोरगी आमच्याकडे नवीन आहे, तल्लख आहे. एका जहाजमालकाने तपासणी अहवालातलं एक पान जोडलंच नव्हतं. ऋचा म्हणाली, “पण सर, त्याने जी पानं दिली ती तर खरी आहेत. तो खोटं कुठे बोललाय?” मी तिला आमच्या धंद्याचा पहिला नियम सांगितला. जोखमीबद्दल ठाऊक आहे ते सगळं सांगायचं, अर्धवट सांगितलं की करार तिथेच संपला. मग सगळं जहाज बुडालं तरी आम्ही बघायला बांधील नाही. तिने वहीत लिहून घेतलं. दावा नामंजूर केला.

रविवार, २१ सप्टेंबर

१६२/९८.

आज फोनवर सौमित्रशी नीट बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच. मी म्हटलं, तू सायप्रसला शिकवलंस तसं शिकव की. तेही पुण्याचंच काम आहे.

तो म्हणाला, “बाबा, सायप्रसला माझ्या वर्गात बावीस जण होते. सहा आठवडे मी त्यांना जमिनीवर पोट टेकून कसं शोधायचं ते शिकवलं. मग ते बसमध्ये बसून ते काम करायला परत गेले आणि मी टाटा करून डब्लिनला आलो. त्यातला एक जण मला अजून फोटो पाठवायचा, शेतातले. जूनपासून येत नाहीत.”

“तो त्यांचा देश आहे. तुझा देश तटस्थ आहे.”

“तटस्थ म्हणजे कुणाच्या बाजूने गोळी झाडायची नाही, बाबा. घरी बसायचं असं कुठे लिहिलंय?”

उल्का मध्ये पडली. जेवलास का, थंडी पडली का, कीरन कसा आहे, वगैरे. कीरन हा त्याच्याच तुकडीतला मित्र. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आठ दिवस आमच्याकडे राहून गेला. लालबुंद होईपर्यंत उन्हात हिंडायचा आणि आल्यावर उल्काच्या हातची थालिपिठं खायचा. उल्का त्याला किरणच म्हणते. तोही ओ देतो.

सौमित्र म्हणाला, कीरन राखीव यादीत आहे. माझं काही झालं तर तो जाईल. उल्का म्हणाली, “काही झालं म्हणजे?” तो हसला. “पाय मुरगळला वगैरे, आई.”

शनिवार, २७ सप्टेंबर

आज उल्का देवळात गेल्यावर सौमित्रचा फोल्डर काढला. जन्मदाखल्यापासून सगळे कागद मी प्लास्टिकच्या खिशांत लावून ठेवले आहेत. २००६ मधला हॉस्पिटलचा कागद लगेच मिळाला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. डेंग्यू झाला होता आणि तापात एकदा आकडी आली होती. दोन पानांचा कागद आहे. पहिल्यावर, आकडी आली, दोन मिनिटं शुद्ध नव्हती, म्हणून दाखल केलं, एवढंच. दुसऱ्यावर, कारण तीव्र ताप, मेंदूच्या तपासण्या स्वच्छ, पुढे काही करायची गरज नाही.

मिशनवर जाणाऱ्यांच्या घरच्यांना त्याच्या तुकडीकडून ईमेल आलं होतं, काही शंका असल्यास कळवा म्हणून. त्याच पत्त्यावर लिहिलं. मुलगा संकोचाने सांगणार नाही, पण वडील म्हणून कळवणं कर्तव्य समजतो, कृपया गोपनीय ठेवावं. सोबत पहिलं पान जोडलं. दुसरं पान जुन्या टॅक्सच्या कागदांत ठेवून दिलं.

मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. त्या पानावर जे आहे ते खरंच आहे. हॉस्पिटलात नेलं त्या रात्री घरी मी त्याचे दात उघडायला मध्ये बोट घातलं होतं, त्याचा वण माझ्या उजव्या हाताच्या बोटावर अजून आहे. ज्याने ते बघितलेलं नाही त्याने मला कर्तव्य शिकवू नये.

उल्काला सांगितलेलं नाही. तिला उगाच ताप नको.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

१४२/९०.

उत्तर आलं. दोन ओळी. आभारी आहोत, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवलं आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

१३८/८८.

त्याचं जाणं थांबलं. मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासून घेईपर्यंत मिशनवर पाठवणार नाहीत.

फोनवर चेहरा पार उतरला होता. “आई, मला लहानपणी कधी फिट आली होती?” उल्का म्हणाली, “अरे, ती डेंग्यूत, तापामुळे. एकदाच.” तो म्हणाला, “त्यांच्याकडे एकच पान आहे. खाली लिहिलंय, दोनपैकी पान एक. दुसरं मिळालं तर मेडिकल बोर्ड ताबडतोब क्लिअर करेल. बाबा, कागद तुमच्याकडेच असतात ना?”

मी म्हटलं, शोधतो. इतक्या वर्षांपूर्वीचे कागद, घर बदललं त्यात कुठे गेले कोण जाणे.

“मग पहिलं त्यांच्याकडे कसं गेलं?” उल्काने विचारलं. मी म्हटलं, हल्ली सगळं कम्प्युटरवर असतं. सौमित्र स्क्रीनमधून माझ्याकडे बघत राहिला. नेटवर्क अडकलं असावं. मग म्हणाला, “शोधा, बाबा. दहा नोव्हेंबरला निघायचंय. अजून वेळ आहे.”

पोराला वाईट वाटलं, ते मला दिसत होतं. पण वाईट वाटायलाही माणूस जिवंत लागतो. आज महिन्याभराने मी पोटभर जेवलो.

सोमवार, २० ऑक्टोबर

१३४/८६. दिवाळी.

यंदाची चकली झकास झालीय. सौमित्रचा फोन आला, शेजारी कीरन. सौमित्रच्या जागी आता तोच जाणार आहे. उल्काला म्हणाला, “हॅपी दिवाली, आई.” आई एवढा एकच शब्द त्याला येतो. त्याचं कुटुंब म्हणजे गावाकडे एक म्हातारी आई आणि गाई. म्हणाला, सौमित्र बरा झाला की येईलच, तोवर मी सांभाळतो. उल्काने त्याला विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, वाटते, पण आमच्या देशाकडे ना विमानं आहेत ना रणगाडे, दुसऱ्यांना देण्यासारखी एवढीच गोष्ट आहे, आम्ही जाऊन मध्ये उभे राहतो.

चांगला मुलगा आहे. मी त्याला काळजी घे म्हटलं, मनापासून म्हटलं.

शेवटी सौमित्रने विचारलं, “बाबा, पान सापडलं?” म्हटलं, अजून नाही. उल्का उठून स्वयंपाकघरात गेली. हल्ली ती फोन संपायच्या आधीच उठते.

सोमवार, १० नोव्हेंबर

१३२/८४. तीन वर्षांतला सर्वांत चांगला आकडा.

आज ते लोक गेले. सौमित्र विमानतळावर पोचवायला गेला होता. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

संध्याकाळी खाली कॉफी शॉपमध्ये जुन वेई दिसला, त्याला कोपी पाजली. सौमित्र जात नाहीये म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “तो दुखावला असेल ना, अंकल?” मी म्हटलं, होईल ठीक. तो सांगत होता, अठराव्या वर्षी ट्रेनिंग संपल्याची आमची परेड होती, सगळ्यांचे आईवडील मुलांच्या डोक्यावर सैन्याच्या टोप्या घालायला आले होते. सौमित्र एकटाच मित्रांपैकी आला होता. आमच्यातल्या एकाने सगळ्यांसमोर त्याला चिडवलं, तू तर सगळ्यांत मोठा केंग किंग. म्हणजे अंग चोरणाऱ्यांचा राजा. “सौमित्र हसला लाह. पण मग मला दर आठवड्याला आयर्लंडहून मेसेज. आज काय केलं, किती किलो पाठीवर घेतलं, चिखल किती होता. दोन वर्षं, अंकल. मला वाटायचं, याला एवढं काय पडलंय?”

मलाही कळलं नाही. तरुणपणी असल्या गोष्टींचं आकर्षण असतंच. त्या परेडहून तो घरी आला आणि खोलीचं दार लावून बसला होता, ते मात्र आठवलं. मी ऊन लागलं समजून लिंबूपाणी दिलं होतं.

सोमवार, १ डिसेंबर

कीरन गेला.

चार वाजता उल्काचा ऑफिसात फोन आला. सौमित्रने तिला कळवलं होतं. एका गावाला पाण्याचे टँकर जायचे होते म्हणून यांची टीम रस्ता तपासत होती. एका मोरीखाली जुना न फुटलेला गोळा होता. कुणी डागला, कोणत्या साली, कुणालाच माहीत नाही. टीमचा प्रमुख सगळ्यांत पुढे असतो. प्रमुख कीरन होता.

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. पहिला विचार कुठला आला, तो लिहायची लाज वाटते, पण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही. पहिला विचार आला, वाचलो. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला, तो मात्र लिहीत नाही. ऋचाने पाणी आणून दिलं.

घरी आलो तर उल्का जमिनीवर बसून रडत होती. मी पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला.

रविवार, ७ डिसेंबर

रक्तदाब घेतला नाही.

सौमित्रने आज व्हिडिओ लावला नाही, नुसता आवाज. अंत्ययात्रेत त्याने खांदा दिला. कीरनच्या आईने त्याला विचारलं, तू तो भारतीय मित्र ना? आणि त्याला कपाटातून कीरनचा स्वेटर काढून दिला, थंडी आहे म्हणून.

मग म्हणाला, “बाबा, पान सापडलं?”

मी म्हटलं, शोधतोय.

फोन संपला. उल्का आत गेली आणि परत येऊन तिने टेबलावर एक कागद ठेवला. दुसरं पान.

“टॅक्सच्या कागदांत होतं,” ती म्हणाली. “पान शोधा म्हणून त्याचा पहिल्यांदा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेल्यावर सगळे फोल्डर काढले. फाइलमध्ये पहिलं पान उलटं लावलेलं होतं. तुम्ही कधी कागद उलटा लावत नाही. मग कळलं.”

मी म्हटलं, तू बोलली का नाहीस?

“कारण मलाही तो इथेच हवा होता. म्हटलं, असू दे. पाप तुमच्या माथी, पोर माझं घरी. दोन महिने मी हे पान साड्यांच्या घडीत ठेवून झोपले. किरण फोनवर आई म्हणाला, तेव्हा साडीत हेच होतं.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “उद्या पाठवा. नाहीतर मी पाठवते.”

मी म्हटलं, पाठवलं तर तो जाईल. कीरनच्या जागी जाईल. त्याच रस्त्यावर जाईल.

“हो,” ती म्हणाली. “जाईल.”

मंगळवार, ९ डिसेंबर

१६८/१०२.

पाठवलं. काल दिवसभर जमलं नाही. जुनी कागदपत्रं चाळताना नुकतंच सापडलं, असं लिहिलं. त्याशिवाय दुसरं काय लिहिणार होतो? एवढ्या मोठ्या माणसांना घरातलं सगळं उकरून सांगायची गरज नसते.

रविवार, १४ डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

आज व्हिडिओ लावला होता. सौमित्र बारीक झालाय. उल्का कॅमेऱ्यासमोर ताठ बसली आणि म्हणाली, “सौमित्र, ते पान मला ऑक्टोबरातच मिळालं होतं. मी दिलं नाही. तू जाऊ नयेस म्हणून दिलं नाही. किरण गेला त्यात माझा हात आहे.”

त्याने डोळ्यांवर हात धरला. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंस, आई.” आणि मग, “बाबा?”

मी म्हटलं, तुझी तब्येत काय म्हणते? जेवतोस का नीट?

“बाबा, मला पहिल्या आठवड्यातच माहीत झालं होतं. माझी फाइल बघायचा मला हक्क आहे. तुमचं ईमेल आहे त्यात, खाली तुमची सही, हुद्द्यासकट. मी इकडून हॉस्पिटललाही लिहिलं होतं, पण वीस वर्षांपूर्वीचे कागद, ते म्हणाले वेळ लागेल. तुमच्याकडे पान आहे हे मला माहीत होतं. दर रविवारी मी विचारायचो आणि दर रविवारी मला वाटायचं, आज बाबा सांगतील. सरळ विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तेवढा दोष माझा.”

उल्का म्हणाली, “आपण तिघंही गप्प बसलो रे.”

“हो. आणि तो गेला.” मग तो माझ्याकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं. “अठराव्या वर्षी माझा अख्खा वर्ग गेला आणि मी विमानात बसलो. मला न विचारता तुम्ही अर्जातून माझं नाव काढलं होतं. तेव्हा मी लहान होतो. आता मी लहान नव्हतो, बाबा. माझ्या वाट्याचं काम दुसऱ्यांदा दुसऱ्या कुणीतरी केलं.”

माझ्याकडे उत्तरं होती. बाप म्हणून काय वाटतं ते होतं, बोटावरचा वण होता. तोंडातून एवढंच निघालं, “पण तू जिवंत आहेस ना?”

तो म्हणाला, “हो.” आणि स्क्रीन काळी झाली.

शनिवार, २७ डिसेंबर

गेल्या रविवारी फोन आला नाही. उल्काला मेसेज येतात. ती वाचते, डोळे पुसते, फोन पालथा ठेवते.

ऑफिसात ऋचाने आणखी एक दावा आणला, त्यातही कागद अपुरे होते. तू बघ आणि तूच ठरव म्हटलं. ती म्हणाली, सर, नियम तर तुम्हीच सांगितलाय. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

कीरनच्या आईला पत्र लिहायला तीनदा बसलो. तीनही वेळा पहिल्या वाक्यात ‘दुर्दैवाने’ आलं. फाडून टाकलं.

रविवार, ११ जानेवारी २०२६

१६४/१००.

बोर्डाने त्याला पास केलं. सतरा तारखेला जातोय, त्याच टीमवर, प्रमुख म्हणून. उल्काने सांगितलं. ती तिळाचे लाडू करत होती. डब्लिनला पोचेपर्यंत तो निघालेला असेल हे तिला कळतंय, तरी करत होती.

मला भीती वाटते. तीस वर्षं मी भीतीला आकडा लावून देत आलो. या भीतीला लावायला आकडा मिळत नाही.

रविवार, १८ जानेवारी

काल तो गेला.

आज दुपारी चार वाजता उल्काच्या मोबाइलवर फोन आला. नंबर अनोळखी, परदेशी. पण तो फक्त तपासणीचा फोन होता. सैन्यातला कुणी सभ्य माणूस, तिचं नाव, पत्ता, नंबर एकदा वाचून दाखवत होता. सौमित्रला काही झालं तर कुणाला कळवायचं, त्या यादीसाठी. उल्का हो हो म्हणत होती. शेवटी तिने विचारलं, माझ्या नवऱ्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे? पलीकडचा माणूस जरा अडखळला. त्याचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू येत होता. आधी होता, म्हणाला, यादीत पहिलाच होता. नव्या फॉर्मवर तुमच्या मुलानेच तो काढायला सांगितलाय. फक्त आईला कळवावं, असं लिहून दिलंय.

उल्काने थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. मोबाइल पदरात गुंडाळून ती खुर्चीवर बसली. मी समोर बसलो. खाली मुलं बॅडमिंटन खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, “असा फोन कधी आलाच, तर मला सांगशील ना?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही बघितलं.

“सौमित्रला विचारून सांगते,” ती म्हणाली.